पाच चेहऱ्यांचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी भाग पाडलं म्हणून लिहिते आहे. हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी "बाईंना लेखनाची आवड होती" असं म्हणायला नको.

झालं ते असं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा खात्याची प्रमुख म्हणून. जुन्या कागदाची धूळ एवढी वर्षं पोटात गेली ती गेलीच, पण छातीतही गेली. गेल्या महिन्यात कटिंग मशीनच्या खोलीत दम लागून मी खाली बसले. निळा पंप पर्समध्ये होता आणि पर्स दुसऱ्या टोकाला खुंटीवर. मालकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी कामावर गेले तेव्हा फार मायेने म्हणाले, "बाई, आता तुम्ही वर ऑफिसात बसा. पत्रव्यवहाराच्या फायली बघा." इतक्या मायेने मला याआधी कोणी अडगळीत टाकलं नव्हतं. मी एक महिन्याची मुदत मागितली. दम आटोक्यात आला तर खाली बांधणीखात्यात, नाही तर वर फायलींत.

म्हणून आज ही नवी गोळी. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा लहान असतील.

"काकू, ही रोज संध्याकाळी एक. बरं वाटलं तरी घ्यायची. पण अचानक दम लागला तर हिचा उपयोग नाही, तेव्हा निळा पंप. तो पर्समध्ये नको, अंगावर हवा. आणि रोजचा पंप चालूच ठेवायचा, ओढला की चूळ भरायची."

"समजलं. मी पदवीधर आहे."

"अजून एक. काही जणांना या गोळीने वाईट स्वप्नं पडतात, झोप उडते, चिडचिड होते, उदास वाटतं. सगळ्यांना होत नाही. पण झालं तर लगेच कळवायचं, महिना संपायची वाट बघायची नाही. आपण गोळी बदलू." मग ह्यांच्याकडे वळून, "काका, तुम्हीही लक्ष ठेवा. काकू जास्त चिडायला लागल्या तर मला सांगा."

हे म्हणाले, "जास्त म्हणजे किती?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी हसले नाही.

त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर ओळीने पाच गोल चेहरे, पहिला हसरा, पाचवा रडका, खाली तारखांचे रकाने. रोज आपल्या मनाशी जुळणाऱ्या चेहऱ्यापुढे खूण करायची. मी विचारलं, बरोबर रंगीत खडू मिळतात का? कागद परत केला आणि सांगितलं की मला वाक्यं लिहिता येतात, मी वही ठेवीन. कबूल झाल्या.

हे चाळीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाले आहेत. कोरा कागद दिसला की ह्यांचा जीव त्यात अडकतो. "मागची बाजू कोरी आहे," म्हणत तो कागद घडी घालून खिशात टाकला.

वही मीच शिवली. चौसष्ट पानं. शिलाई सरळ आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल सात वाजता पहिली गोळी घेतली. काहीही झालं नाही. हे मात्र चहा पिताना माझ्याकडे असे बघत होते, जणू मला शिंगं फुटणार आणि नेमका तो क्षण ह्यांचा चुकणार. "काय बघताय?" म्हटलं. "काही नाही, लक्ष ठेवतोय," म्हणाले. सदतीस वर्षांनी मुहूर्त लागला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या. न थांबता. मधल्या चौकात राहणारे गृहस्थ, ज्यांना मी रोज तिथे धापा टाकताना भेटत असे, ते दार उघडून वाट बघत होते. बिचाऱ्यांची रोजची करमणूक बुडाली.

हे मागून आले, धापा टाकत. मी वरून विचारलं, "अहो, पंप आणू का खाली?" ह्यांना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, हे इथे केवळ नोंद म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत खाली. मालकांनी मुदत पाळली. माझ्या टेबलावर कोणीतरी डबे ठेवायला सुरुवात केली होती. ते टेबल पुसून झाल्यावर खात्यात जी शांतता पसरली, तिला मी स्वागत समजले. मला मागे "कात्री" म्हणतात हे मला ठाऊक आहे. बोथट म्हणत नाहीत, तेवढं पुरे.

काम मोठं आलं आहे. शहराच्या अभिलेखागारातली जुनी दप्तरं, एकशेचाळीस खंड, सगळे उसवून नव्याने बांधायचे. पद्धत ठरलेली आहे. पानांचे गठ्ठे क्रमाने लावून झाले की मी एकेक पान तपासते, क्रम बरोबर असेल तर आत माझ्या सहीची चिठ्ठी घालते, आणि मगच शिलाई. चिठ्ठीशिवाय सुई हात लावत नाही.

सुई म्हणजे आमची शिलाईवाली. सतरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. कमी बोलते, सरळ शिवते. या दोन गुणांचं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. आज मला बघून म्हणाली, "आलात का बाई. बरं झालं. कोणी ओरडतच नव्हतं, काम सुचेना."

मी लगेच ओरडले. कामाला लागली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल गोळी राहिली. भाचीकडे गेलो होतो, तिने घराच्या नव्या फरशीचा इतिहास सांगितला, त्यात माझे सात वाजून गेले. आज दोन घेऊन हिशेब पुरा करावा असा माझा विचार होता. हे म्हणाले, औषधवाल्याला विचार. विचारलं.

"नाही हं काकू, दोन अजिबात नाही. गेली ती गेली. आज नेहमीच्या वेळी एकच."

"मग तीस गोळ्यांतली एक उरणार."

"उरू दे की. बाकी काही त्रास? झोप, स्वप्नं?"

"स्वप्नं बघायला वेळ आहे कोणाला?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

झोपेत स्वप्न पडलं. कटिंग मशीनखाली पुस्तकं सरकवते आहे आणि प्रत्येक पुस्तकाच्या आत माझीच मुलगी लहानपणच्या आवाजात बोलते आहे. ओरडत उठले म्हणे. हे म्हणाले, "डॉक्टरांना सांगायचं का?" मी म्हटलं, स्वप्न एकदा पडलं. लोकांना रोज पडतात, काही जण तर ती जागेपणी बघून निवडणुकीला उभे राहतात.

छाती एकदम मोकळी आहे. निळा पंप आठ दिवसांत एकदाही लागला नाही. हे महत्त्वाचं. ते स्वप्न नव्हे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार रात्री धड झोप नाही. गादी जुनी झाली आहे.

स्वप्न पुन्हा. तेच नाही, तसलंच.

औषधवाल्याने आपणहून फोन केला. "काकू, सगळं ठीक?" मी म्हटलं ठीक. खोटं बोलले नाही. त्याने श्वासाबद्दल विचारलं असं मी धरलं, आणि श्वास ठीक आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या गोळी बंद करणार. गोळी बंद म्हणजे दम परत, दम परत म्हणजे मी वर. ज्या फायलींना कोणी हात लावत नाही त्यांच्यात मीही एक फाइल. नको.

ह्यांच्या चमच्याचा बशीवर आवाज होतो. सदतीस वर्षं होत असणार. आजच ऐकू आला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पंचावन्न खंड झाले. अजून पंच्याऐंशी.

सगळे हळू काम करतात. मुद्दाम करतात. मी आत गेले की बोलणं थांबतं. आधीही थांबायचं, पण आता वेगळं थांबतं.

हे विचारत होते, फिरायला येतेस का. नाही म्हटलं. का नाही ते विचारलं. बशी आपटली. फुटली नाही.

मुलीचा फोन आला, घेतला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अभिलेखागारातून अकरा खंड परत आले. आतल्या गठ्ठ्यांचा क्रम चुकलेला. एकात तर पन्नासाव्या पानानंतर एकशे दोन. त्यांचा अधिकारी मालकांसमोर उभा राहून एकेक पान उलटून दाखवत होता.

मी सुईला सगळ्यांसमोर बोलावलं. काय बोलले ते लिहिणार होते, पण लिहीत नाही. तुझे डोळे गेले, घरी बस, इतकं लिहिते. बाकीचं याहून वाईट होतं. तिच्या घरच्या गोष्टीही काढल्या, ज्या तिने मला एकटीला विश्वासाने सांगितल्या होत्या.

ती अकरा खंड उचलून टेबलापाशी गेली आणि दोरा उसवायला बसली.



२७ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेले नाही.

गोळी घेतली. श्वास चांगला आहे.

माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. खात्याचं नाही, घराचं नाही. मी नसले तर सगळ्यांचं बरंच चालेल. हे मी रागाने लिहीत नाही. हिशेब करून बघितला.

हे दिवसभर त्याच खोलीत बसून होते. पेपर हातात, पान एकच.

१ मार्च, शनिवार

काल काही लिहिलं नाही. कालचं आज लिहिते.

काल संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात सुई. बेचाळीस पायऱ्या चढून आली होती आणि तिला दमही लागलेला नव्हता, मत्सर वाटला. मी आत जाणार होते. ह्यांनी खुर्ची पुढे केली आणि मला म्हणाले, "बस." ह्या आवाजात ह्यांनी मला कधी काही सांगितलेलं नाही. बसले.

सुईने पदराच्या गाठीतून चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. अकरा. प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही.

"बाई, मी क्रम तपासत नाही. तुमची चिठ्ठी असली की शिवते. सतरा वर्षं असंच चाललंय."

मी सह्यांकडे बघत होते. सगळ्या एकोणीस ते एकवीस तारखेच्या. पहिली माझी वाटत होती. शेवटची कोणी थंडीत कुडकुडत केल्यासारखी.

"मालकांना दाखवल्यास?"

"कशाला? खंड मी नीट शिवून दिले. चिठ्ठ्या काढून ठेवल्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भांडायला आले नाही मी. तुम्ही रोज ओरडता, आम्ही तुमची पाठ वळली की तुमची नक्कल करून हसतो. माझी नक्कल सगळ्यात चांगली आहे. परवा कोणी नक्कल केली नाही. सगळे घाबरले होते. तुम्हाला नाही, तुमच्यासाठी. म्हणून आले."

मी म्हटलं, वय झालं, झोप नाही, कामाचा ताण आहे. तेवढ्यात ह्यांनी खिशातून घडी काढून माझ्यासमोर उलगडली.

पाच चेहऱ्यांचा कागद.

तारखांचे रकाने भरलेले. प्रत्येक दिवशी एक खूण, टोकदार पेन्सिलीने, नकाशावर विहीर दाखवतात तशी बारीक. पहिले चार दिवस तिसरा चेहरा. आठ तारखेला दुसरा. मग पुन्हा तिसरा, तिसरा, तिसरा. सतरापासून चौथा. चोवीसपासून पाचवा.

"तिसरा का?" मी विचारलं.

"तिसरा म्हणजे तू. नेहमीची."

"आणि फरक कसा कळला तुम्हाला? मी तर नेहमीच चिडते."

ह्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "चिडतेस. पण चिडलीस की तुला मजा येते. बोलून झालं की तुझा डावा गाल जरासा हलतो, वाक्य जमलं म्हणून. सोळा तारखेनंतर गाल हलला नाही."

सुई म्हणाली, "हो, हलतो. मी नकलेत करते तो."

मग मी रडले. सात वाजून गेले. गोळीचं पाकीट ह्यांनी उचललं होतं. मी म्हटलं, "द्या." तेव्हा ह्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी फोनवरच सांगितलं, ही गोळी आता घ्यायची नाही, रोजचा पंप चालू ठेवायचा, निळा जवळ ठेवायचा, काकूंना एकटं सोडायचं नाही, सकाळी पहिल्या नंबरला या. सुई दहापर्यंत बसली. काही बोलली नाही. हे तिचं मला आधीपासून आवडतं.

आज दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ विचारलं, "काकू, जगू नये असं वाटलं का?" एवढ्या लहान वयात असा प्रश्न सरळ विचारता येतो याचं आश्चर्य वाटलं. सत्तावीस तारखेचं पान उघडून पुढे केलं. त्यांनी वाचलं, वही मिटली, पुन्हा उघडून वाचलं.

"पहिलं स्वप्न पडलं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही गोळी बंद केली असतीत."

"हो. केली असती."

"आणि मला वर फायलींत बसावं लागलं असतं."

त्या म्हणाल्या, "काकू, श्वास पाहिजे तो कशासाठी?" इथे पदवी उपयोगी पडली नाही.

गोळी कायमची बंद. माझ्या कागदपत्रांवर ठळक अक्षरांत तसं लिहिलं. रोजच्या पंपाचा डोस वाढवला, पंप ओढण्याची माझी पद्धत बघितली आणि ती चुकीची निघाली. चार वर्षं मी औषध जिभेला पाजत होते. काही दिवसांत मन ठिकाणावर यायला लागेल, म्हणाल्या. तोपर्यंत दर दोन दिवसांनी फोन. असे विचार पुन्हा आले तर कुठल्याही वेळी, त्याच क्षणी फोन, आणि तोवर ह्यांच्याजवळ थांबायचं.

६ मार्च, गुरुवार

सहा तास झोप. स्वप्नात भाचीची फरशी आली. हे वाईट स्वप्नात धरायचं की नाही ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

काल सुईच्या टेबलापाशी गेले. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं की चूक माझी होती, चिठ्ठ्या माझ्या होत्या, आणि जे बोलले त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मालकही जिन्यात उभे होते, त्यांनीही ऐकलं. बरंच झालं, दोनदा सांगावं लागलं नाही. सुई म्हणाली, "ठीक आहे बाई." मग, "सुईत दोरा ओवून द्या, माझे डोळे गेलेत ना."

खात्यात हशा झाला. मी ओवून दिला. पहिल्या प्रयत्नात.

१५ मार्च, शनिवार

आज नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी. गोळीच्या दिवसांइतकी चांगली नाही, जानेवारीइतकी वाईट नाही. बेचाळीस पायऱ्यांत एकदा थांबते. मधल्या चौकातल्या गृहस्थांना त्यांची करमणूक परत मिळाली.

धुळीच्या खोलीत जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं. मालकांना कागद दाखवला. "मग वर?" त्यांनी मायेने विचारलं. मी म्हटलं, वर नाही. खिडकीपाशी. पानं तिथे आणून द्यायची, मी तपासणार, आणि माझ्यानंतर सुई एकदा तपासणार. कटिंगची खोली तिच्याकडे. त्यांनी विचार करतो म्हटलं. मी उभी राहिले. त्यांनी तिथेच केला.

आज दिलं ते पुढीलप्रमाणे.

औषधवाल्याला: सात गोळ्या, पाकिटासह, नष्ट करण्यासाठी. त्याने मोजल्या. "सहा असायला हव्या ना?" म्हणाला. एक तुझ्याच सल्ल्याने उरली, याची आठवण दिली.

सुईला: कटिंगच्या खोलीची किल्ली, एक. अठरा वर्षं माझ्या कमरेला होती. तिने ती पदराला बांधली आणि लगेच मला दारातून मागे सारलं. "बाई, आत धूळ आहे."

डॉक्टरीणबाईंना: ही वही, हे पान पुरं झालं की. एखाद्या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ मारली तर वही परत घेईन.

पाच चेहऱ्यांचा कागदही त्यांनी मागितला होता. ह्यांनी दिला नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखून पुढचे महिने मांडून ठेवले आहेत, चेहरे पुन्हा हाताने काढले आहेत, आणि तिसऱ्याच्या डाव्या गालावर एक लहानशी रेघ जास्त आहे. आजची खूण त्याच्यापुढे.